पाणी तोडू नका ताई, आधी तीन दिवस मोजून बघा

ताई, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून तुम्हाला दोन वर्षं झाली. मध्ये सगळं ठीक होतं, आणि आता लघवीसाठी दिवसा दर तासाला, रात्री चार-पाचदा उठावं लागतंय. परवा लघवी गुलाबी दिसली आणि घरचे म्हणतात पाणी कमी पी. मी याच वाटेने गेलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गुलाबी लघवीचं. एकदाच झालं, नंतर साफ आली, म्हणून सोडून देऊ नका. रेडिएशनमुळे असेलही, पण इन्फेक्शन किंवा मूत्राशयातली नवी गाठ नाही ना, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. याच आठवड्यात युरॉलॉजिस्टना भेटा, कल्चर (लघवीत जंतू आहेत का ती तपासणी) आणि दुर्बिणीने मूत्राशय आतून बघण्याचं विचारा. रेडिएशन झालंय हे आधीच सांगा. अशा मूत्राशयाचा तुकडा तपासणीसाठी काढला तर जखम लवकर भरत नाही, त्यामुळे गरज असेल तरच काढतात. आणि गुठळ्या पडल्या, किंवा कळ येऊनही लघवी होईना, तर सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण मनाने बंद करू नका.

दोन वर्षांनी कसं काय, असं तुम्ही विचारलंय. उपचार चालू असताना होते ती जळजळ आतल्या अस्तराची. ती बहुतेकांची काही आठवड्यांत निवते. हे उशिराचं दुखणं वेगळं. बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होत जातात, रक्त कमी पोचतं, मूत्राशयाची भिंत निबर होते आणि पूर्वीसारखी ताणली जात नाही. वर नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्त येतं. सहा महिन्यांनी सुरू होतं तसं दहा-पंधरा वर्षांनीही होतं. माझं सातव्या वर्षी झालं, आणि कल्चर न करताच अँटिबायोटिकचे तीन कोर्स माझ्या गळ्यात पडले. चौथ्या वेळी हट्टाने कल्चर मागितलं, तर त्यात जंतूच नव्हते.

आता पाणी. मीही तोडलं होतं. दोन दिवसांत लघवी गडद झाली आणि कळ दुप्पट. दाट लघवी दुखऱ्या अस्तराला जास्त झोंबते. दिवसाला दीड ते दोन लिटर, थोडं थोडं प्या आणि संध्याकाळनंतर हात आखडता घ्या. (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.) चहा, कॉफी, सोडा, आंबट, तिखट हे सगळं एकदम सोडू नका, नाहीतर नेमकं काय बाधतं ते कळतच नाही. एकेक गोष्ट आठवडाभर बंद करून बघा. माझा गुन्हेगार चहा निघाला, दुर्दैवाने.

मला खरा उपयोग झाला तो एका प्लास्टिकच्या मोजपात्राचा. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वहीत लिहिली. एक नोंद अशी: ‘११.१०, ६० मिली, बाहेर जायचंय म्हणून.’ अशा ‘म्हणून’च्या नोंदी भरपूर निघाल्या. सगळ्यात मोठा आकडा पहाटेचा होता, २१०. निरोगी मूत्राशयात ३०० ते ५०० मिली सहज मावतं, म्हणजे माझं लहान झालं होतं हे खरं. पण २१० मावत असताना मी ६०लाच पळत होते. अर्धी घाई मूत्राशयाची, अर्धी धास्तीची.

धास्तीची घाई सवयीने कमी होते. कळ आली की पळायचं नाही, पळालं की गळतंच. जागच्या जागी बसा, वारा रोखताना आवळतो ते खालचे स्नायू चार-पाचदा पटपट आवळा, कळ ओसरली की मग सावकाश चालत जा. दर आठवड्याला दोन खेपांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवा. लघवी करता करता धार तोडायचा व्यायाम मात्र नको. पोट साफ ठेवा, कुंथण्याने सगळं बिघडतं. मला तासाचे अडीच तास व्हायला तीन महिने लागले.

पण तुमचा सगळ्यात मोठा आकडाच ८०-१०० असेल तर नुसतं रोखून धरणं म्हणजे स्वतःचा छळ. मग औषधाचं बोला. सॉलिफेनासिनसारख्या गोळ्यांनी कळ कमी होते, पण तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतो. मिराबेग्रॉनने तो त्रास कमी, मात्र बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. रक्त थांबतच नसेल तर हायपरबेरिक ऑक्सिजन असतो: दाबाच्या बंद चेंबरमध्ये शुद्ध ऑक्सिजन, रोज साधारण दीड तास, अशा ३० ते ४० बैठका. मला तिथवर जावं लागलं नाही.

आणि पाळीचे पॅड वापरत असाल तर लघवीसाठीचे वेगळे मिळतात ते घ्या, कातडी सोलवटत नाही. वही डॉक्टरांकडे न्याच. तुमचा पहाटेचा आकडा किती येतो तो मला कळवा, मग व्यायामाचं पुढचं बोलू.