दुकान इथे, पिन तिथे

प्रश्न : आमचे पंपदुरुस्तीचे दुकान मुख्य रस्त्यावर आहे. गूगल मॅप्सवर पत्ता बिनचूक भरला, तरी गिऱ्हाइके मागच्या गल्लीत जाऊन भिंतीपाशी अडकतात. पत्ता आणखी कसा लिहावा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पत्त्याला हात लावू नका, पिन हलवा. ‘गट नं., गाळा नं., मारुती मंदिरासमोर’ एवढ्यावर पोस्टमन बरोबर येतो. नकाशाला मात्र त्यातले ओळखीचे तेवढेच समजते. उरलेले जुळले नाही की तो रस्त्याच्या किंवा पिनकोड विभागाच्या मधोमध पिन रोवून मोकळा होतो.

तुमची पिन इमारतीवरच असेल, पण मागच्या अंगाला सरकलेली. वाट दाखवताना नकाशा सहसा पिनला सर्वांत जवळचा रस्ता धरतो. मधली भिंत त्याला दिसत नाही. म्हणून पिन छपराच्या मध्यावर नको, शटरसमोर हवी. बिझनेस प्रोफाइलमध्ये (गूगलवरील तुमच्या दुकानाच्या नोंदीत) पत्ता एडिट करायला घ्या, नकाशा उपग्रहदृश्यावर टाका, शटर ओळखू येईल इतका मोठा करा आणि पिन तिथे ओढून सेव्ह करा. बदल मंजूर झाला की दुसऱ्याच्या फोनवरून, दोन्ही दिशांनी येऊन वाट तपासा. स्वतःच्या गल्लीत उभे राहून तपासण्यात अर्थ नाही.

इतर डिरेक्टरींत अक्षांश-रेखांश भरावे लागले, तर दशांशचिन्हापुढे पाच अंक द्या. पाचव्या अंकाने सुमारे १.१ मीटरचा फरक पडतो, तिसऱ्याने १११ मीटरचा. म्हणजे तीनच अंक दिलेत तर दुकान शेजारच्या चौकात जाऊ शकते. आधी अक्षांश, मग रेखांश. महाराष्ट्रात पहिला आकडा साधारण १५.६ ते २२ आणि दुसरा ७२.६ ते ८०.९ यांच्यामध्येच येतो. उलटे भरले तर पुण्याचे दुकान नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते, आणि अशा नोंदी खरोखर सापडतात.

बिलावर व व्हिजिटिंग कार्डावर प्लस कोडही, म्हणजे गूगल मॅप्सवर दिसणारा जागेचा छोटा सांकेतिक पत्ता, छापा. तो जमिनीचा जो चौकोन दाखवतो, त्याची बाजू सुमारे १४ मीटरची असते. टपाल खात्याचा डिजिपिन हाही असाच दहा अक्षर-अंकी सांकेतिक पत्ता; त्याचा चौकोन त्याहून लहान, सुमारे ४ मीटरचा.

प्रश्न : दुकान हलवले. नवी नोंद करू का?

उत्तर : मुळीच नको. आहे त्याच प्रोफाइलमध्ये पत्ता बदला, म्हणजे जुने रिव्ह्यू सहसा टिकतात. नवी नोंद केली की एकाच फोन नंबरावर दोन दुकाने दिसतात आणि निम्मी गिऱ्हाइके जुन्या, बंद गाळ्यावर जातात. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला तर रस्ता, पाटी आणि तुम्ही स्वतः शटर उघडताना, हे सारे न तोडता एकाच चित्रणात घ्या. मग जस्टडायल, बिंग, अ‍ॅपल मॅप्स आणि फेसबुक पेजवर नाव, पत्ता, फोन अक्षरशः सारखे करा. एकीकडे ‘मशिनरी’ आणि दुसरीकडे ‘मशिनरीज्’ असले तर त्या दोन नोंदी वेगळ्या धरल्या जाऊ शकतात. महिन्यातून एकदा प्रोफाइल उघडून पाहा. पत्त्यात बदल सुचवण्याची सोय कोणालाही असते, आणि तुमच्या नकळत तो मंजूरही होतो.