जुन्या छायाचित्रांतली गंगा: काळ कसा ठरवायचा, काठावरचं काम कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या अल्बममधून सुटलेली गंगेच्या आणि हुगळीच्या (कलकत्त्यावरून जाणाऱ्या तिच्या फाट्याच्या) काठची काही छायाचित्रं हाती आली आहेत. पुठ्ठ्यावर शाईने ‘बनारस’ किंवा ‘कलकत्ता’ एवढंच लिहिलंय. ती साधारण कधीची, त्यांतले लोक नेमकं काय करताहेत आणि स्कॅन करताना काय सांभाळायचं?

आधी पुठ्ठ्यावरचं लिखाण बाजूला ठेवा. ते बहुतेक वेळा अल्बम लावणाऱ्याने नंतर लिहिलेलं असतं, फोटो काढणाऱ्याने नाही. पहिल्यांदा कागद बघायचा, मग नदी आणि शेवटी माणसं. हा क्रम उलटा केला की पोशाखावरून काळ ठरवायचा मोह होतो, आणि नावाड्याचं धोतर पन्नास वर्षांत फारसं बदलत नाही.

कागदासाठी किमान १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, ३० पट असेल तर उत्तम. फोटोतला फिकट भाग, म्हणजे आकाश किंवा वाळू, भिंगाखाली धरा. वर चकाकी असूनही कागदाचे तंतू दिसत असतील, रंग तपकिरी-जांभळट असेल आणि उजळ भाग पिवळे पडले असतील, तर तो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद. १८५०च्या दशकापासून १८९०च्या दशकापर्यंत बाजारात मुख्यतः हाच चालला. तो पातळ असतो आणि सुटा ठेवला की गुंडाळतो, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेला सापडतो. उजेड बाजूने तिरका पाडला तर त्याच्यावर बारीक तडे दिसतात. तंतू अजिबात दिसत नसतील, पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि गडद कडांवर निळसर चंदेरी झाक आली असेल, तर तो जिलेटिनचा कागद, म्हणजे बहुधा १८९०नंतरचा. एकसारखे ठिपके दिसले तर ते छापील चित्र आहे, फोटोचा मूळ प्रिंट नव्हे. पोस्टकार्डं बहुतेक याच वर्गातली. पोस्टकार्डाच्या पाठीवर पत्ता आणि मजकूर वेगळा करणारी मधली रेघ ब्रिटनमध्ये १९०२मध्ये आली आणि बाकीकडे त्यानंतर, त्यामुळे रेघ असलेलं कार्ड त्याआधीचं नसतं.

कागदाचं वय म्हणजे फोटोचं वय नव्हे, इथे बरेच जण फसतात. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ ते १८७० या काळात भारतात होता. पण त्याच्या काचेच्या निगेटिव्हवरून ‘बोर्न अँड शेफर्ड’ या त्याच्या स्टुडिओने पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढून विकले. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत ‘बोर्न’ आणि आकडा दिसला तर तो निगेटिव्हचा क्रमांक असतो. हा क्रमांक मोठ्या संग्रहांच्या सूचीशी ताडून पाहता येतो. लंडनची ब्रिटिश लायब्ररी, दिल्लीचा अल्काझी संग्रह आणि केंब्रिजचं दक्षिण आशिया अभ्यास केंद्र ही तीन ठिकाणं आधी बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. १८८०पूर्वीचा फोटो नदीकाठचं जे थांबलेलं होतं, तेवढंच दाखवतो. तेव्हाची पद्धत ओल्या कोलोडियनची होती. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच तंबूतल्या अंधारात धुवायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत आटपायचं. उन्हाळ्यात काच त्याहूनही लवकर वाळायची. प्रकाशासाठी झाकण काही सेकंद, मोठ्या काचेला त्याहूनही जास्त वेळ उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात चालणारा माणूस पुसट होतो किंवा पूर्ण नाहीसा होतो, आणि पाणी आरशासारखं सपाट दिसतं. म्हणून रिकामा घाट दिसला की तो खरंच रिकामा होता असं समजू नका. पायऱ्यांवर धुरकट पट्टे, पाय आहेत पण धड नाही, डोक्यावरची घागर स्पष्ट पण चेहरा फिसकटलेला, अशा खुणा भिंगाने शोधा. तिथे ये-जा चालू होती. उलट दहा मजूर अगदी रेखीव उभे असतील तर त्यांना तसं थांबवलेलं आहे. अशा फोटोतून अवजारं, कपडे, ओझं बांधायची रीत हे सगळं खात्रीने घ्या, पण काम ‘असं चालायचं’ हा निष्कर्ष काढू नका.

कोरड्या जिलेटिन काचा १८८०च्या सुमारास सर्रास मिळू लागल्या आणि चित्र बदललं. वल्ह्यावरून उडणारं पाणी किंवा पाण्यात उडी घेतलेला मुलगा गोठून दिसत असेल, तर फोटो बहुधा त्यानंतरचा.

आकाशाकडेही बघा. कोलोडियनला मुख्यतः निळा प्रकाश दिसतो, त्यामुळे निळं आकाश कोरं पांढरं येतं आणि भगवं किंवा लाल वस्त्र काळपट. संन्याशाने काळं नेसलंय असं वर्णन लिहून टाकू नका. आणि १८६०च्या फोटोत सुंदर ढग असतील तर ते दुसऱ्या निगेटिव्हवरून छापलेले असू शकतात. सूर्य ढगात एका बाजूला आणि सावल्या भलतीकडे, असं दिसलं की प्रश्न मिटला.

बनारसच्या फोटोंना दोन-तीन पक्क्या खुणा आहेत. पहिली, राजघाटाचा रेल्वे पूल. तो ‘डफरिन पूल’ म्हणून १८८७मध्ये सुरू झाला, स्वातंत्र्यानंतर ‘मालवीय पूल’ झाला. नुसते दगडी खांब उभे दिसले तर १८८०चं दशक. दुसरी, पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे दोन उंच मिनार. जुन्या फोटोंत शहराच्या रेषेत सगळ्यात उंच तेच दिसतात. त्यातला एक १९४८मध्ये कोसळला आणि दुसरा नंतर उतरवला. दोन्ही मिनार उभे असतील तर फोटो १९४८च्या आधीचा, यात शंका नाही. तिसरी खूण मराठी वाचकाला जवळची वाटेल: बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधलेला शिंदे घाट. त्याच्या वजनाने पाया खचला. जुन्या फोटोंत तिथे खचलेलं, तुटलेलं बांधकाम दिसतं.

बनारसचा फोटो उलटा छापलाय का, हे ओळखणं सोपं आहे. गंगा तिथे उत्तरेकडे वाहते आणि घाट पश्चिम काठावर, पूर्वेला तोंड करून आहेत. नदीतून किंवा पलीकडच्या वाळूतून घाटांकडे बघताना प्रवाह डावीकडून उजवीकडे जातो. म्हणजे अशा फोटोत राजघाटाचा पूल उजव्या हाताला यायला हवा. डावीकडे आला तर काच उलटी लावली गेली आहे. याच दिशेमुळे वेळही कळते: घाटांच्या भिंतींवर थेट ऊन म्हणजे सकाळ, कारण दुपारनंतर शहर स्वतःच त्यांच्यावर सावली टाकतं. आणि सुरुवातीचे इतके फोटो घाटावरच्या बुरुजावरून तिरके काढलेले का, याचं कारणही साधं आहे. हलत्या नावेतून कित्येक सेकंदांचा फोटो निघत नाही.

ऋतू पाण्याच्या उंचीवरून ठरतो. बनारसला उन्हाळ्यातलं आणि मोठ्या पुरातलं पाणी यांत दहा मीटरांहून जास्त फरक पडतो. पायऱ्या तळापर्यंत उघड्या आणि खाली गाळाचा किनारा म्हणजे मे-जूनच्या आसपास. पायऱ्यांवर जाड गाळ आणि फावड्यांनी तो नदीत लोटणारी माणसं दिसली तर पूर नुकताच ओसरलाय. घाटियांच्या, म्हणजे घाटावर बसणाऱ्या पुरोहितांच्या, वेताच्या छत्र्या आणि लाकडी तख्तंही पाण्याबरोबर वरखाली हलवली जातात, त्यामुळे ती कोणत्या पायरीवर आहेत हे मोजून ठेवा. दोन फोटो एकाच मोसमातले आहेत का हे त्यावरून कळतं.

कलकत्त्याच्या फोटोंना वर्षांची साखळीच आहे. ५ ऑक्टोबर १८६४च्या चक्रीवादळात बंदरातली जहाजं दोर तुटून काठावर येऊन पडली होती. एकमेकांवर चढलेली जहाजं आणि मोडक्या डोलकाठ्या दिसल्या तर आधी तेच वर्ष तपासा. हावड्याचा तरंगता पूल सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी बांधला, तो १८७४मध्ये सुरू झाला. त्याचा मधला भाग बाजूला सरकवून जहाजांना वाट देत. पूल उघडा असलेला फोटो मिळाला तर तो जपा, कारण दोन्ही टोकांना खोळंबलेल्या गाड्या आणि गर्दी झालेल्या होड्या एकाच चौकटीत मिळतात. खिदिरपूरची गोदी १८९२ची. हावडा स्टेशनची आजची विटांची इमारत १९०५ची. विजेच्या ट्रामच्या तारा १९०२पासून पुढे. आणि आजचा पोलादी हावडा पूल फेब्रुवारी १९४३चा. नदीत डोलकाठ्यांचं दाट रान आणि पूल नाही, तर १८७४आधीचा फोटो असण्याची शक्यता मोठी. फक्त कॅमेरा पुलाकडे पाठ करून तर नव्हता ना, हे काठावरच्या इमारतींवरून पक्कं करा.

हुगळीला भरती-ओहोटी आहे, हे बनारसचे फोटो बघून आलेला माणूस विसरतो. मोठी जहाजं दोन्ही टोकांना साखळीने बांधलेली असत, त्यामुळे ती फिरत नसत. नाकाने बांधलेल्या लहान डिंग्या मात्र प्रवाहाकडे तोंड करतात. त्या सगळ्या समुद्राच्या दिशेला तोंड करून असतील तर भरती चढते आहे.

आता काम. माल वाहणाऱ्या नावांचे दोन मोठे प्रकार बांधणीवरून वेगळे करता येतात. बिहारकडची सपाट बुडाची ‘पटेली’ एकावर एक चढवलेल्या फळ्यांची असते. भिंगाखाली बाजूवर आडव्या पायऱ्यांसारख्या सावल्या दिसतात. बंगालकडच्या बहुतेक नावांत फळ्या काठाला काठ लावून चपट्या लोखंडी पट्ट्यांनी जोडतात, म्हणून बाजू गुळगुळीत आणि सांध्यावर छोट्या आडव्या खुणांची रांग. मागच्या टोकाला उंच मचाणावर उभा असलेला एकटा माणूस टेहळणी करत नसतो, तो सुकाणूचं लांब वल्हं धरून असतो. बांबूच्या छपरावरून पुढचं दिसावं म्हणून तो उंचावर.

काठाने एका मागे एक वाकून चालणारी माणसं आणि त्यांच्यापासून नदीकडे तिरकी गेलेली बारीक रेघ दिसली तर ते प्रवाहाविरुद्ध नाव ओढताहेत. बंगालीत याला ‘गुण टाना’ म्हणतात. ती दोरी नावेच्या पुढच्या टोकाला नसते, डोलकाठीच्या वरच्या भागाला असते. काठावरची झुडपं, दुसऱ्या नावा आणि खुंट यांच्यावरून ती सुटी जावी म्हणून. प्रत्येकाच्या खांद्यावर आखूड काठी असते आणि तिच्यामार्गे दोरीचा ताण अंगावर येतो. फोटोत दोरी तुटक दिसते, कधी दिसतही नाही. मग माणसांचा कल बघा: ओझं वाहणारा माणूस ओझ्याखाली सरळ राहायला बघतो, ओढणारा पुढे झुकतो.

कमरेइतक्या पाण्यात उभी राहून लांब चंदेरी झुबके झटकणारी माणसं मासे धरत नसतात. तो ताग आहे. जुड्या पाण्यात बुडवून दोन-तीन आठवडे कुजवतात, मग काडी मोडून साल ओढून काढतात. हा फोटो पावसाळ्याच्या उत्तरार्धाचा. मागे गिरणीची धुराडी दिसली तर तो हुगळीचा काठ. तिथली पहिली तागाची गिरणी १८५५मध्ये रिश्राला सुरू झाली. आगबोटीच्या कुशीला बांधलेली, स्वतःचं धुराडं नसलेली लांब नौका म्हणजे ‘फ्लॅट’. माल तिच्यात भरत. पूर्व बंगालमध्ये १८७१पासून रेल्वे गोआलंदो या नदीबंदरापर्यंत गेली आणि पुढचा प्रवास आगबोटीने, त्यामुळे रूळ थेट पाण्याच्या काठाला संपलेले दिसले तर त्या भागाचा विचार करा.

स्कॅनिंगबद्दल. प्रिंट पुठ्ठ्यावरून सोडवू नका; अल्ब्युमिन कागद ओला झाला की थर सुटतो. गुंडाळलेला प्रिंट काचेखाली दाबून सपाट करू नका, आडवे तडे जातात आणि ते परत बसत नाहीत. असा प्रिंट कॅमेऱ्यानेच घ्या, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून. सपाट प्रिंटला ६०० पीपीआय (इंचाला ६०० बिंदू) पुरतं, नावांचे दोर आणि फळ्या वाचायच्या असतील तर १२००. रंगीत, १६ बिट, टिफ फाइल. काळा-पांढरा स्कॅन करू नका, पिवळेपणा आणि चंदेरी झाक हाच कागद ओळखण्याचा पुरावा असतो. पुठ्ठ्याच्या कडा आणि पाठ यांचाही स्कॅन घ्या. स्कॅनरमधली धूळ-ओरखडे काढायची आपोआप सोय आधी बंद करा. ती डोलकाठीचे दोर, जाळ्याचे धागे आणि ओढण्याची दोरी हे सगळं ओरखडा समजून पुसते. चेहरे स्पष्ट करणारी नवी साधनं तर नसलेले चेहरे तयार करतात. मूळ प्रतीवर ती कधीच वापरू नका.

ठेवताना आम्लमुक्त कागद आणि ३० ते ५० टक्के आर्द्रता. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट आणि डांबरगोळ्या दोन्ही टाळा. काचेच्या निगेटिव्ह असतील तर लांब कडेवर उभ्या ठेवा, एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात. पाठीवर काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने आणि हलक्या हाताने, नाहीतर उठाव समोरून दिसतो.

नोंद करताना दोन रकाने ठेवा. एकात डोळ्यांना दिसतं ते: ‘पाच माणसं, डोलकाठीकडे गेलेली दोरी, पायऱ्या तळापर्यंत उघड्या, राजघाटाला पूल नाही’. दुसऱ्यात त्यावरून काढलेला तर्क: ‘नाव ओढणं, उन्हाळा, १८८७आधी’. पुठ्ठ्यावरचं मूळ लिखाण अवतरणात जसंच्या तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट उतरवा. दुसऱ्या रकान्यातलं काही पुढे चुकीचं ठरलं तर तेवढंच बदलता येतं.