ऑफिसातलं इंग्रजी शिकवायचं, तर सुरुवात व्याकरणापासून करू का?

नको. बडोद्यात दांडिया बाजाराजवळ संध्याकाळची बॅच घेतो. मुलं घरी मराठी, बाहेर गुजराती. टेन्स सगळ्यांना पाठ. गाडी अडते ती कामाच्या मेलवर आणि फोनवर.

पहिल्याच दिवशी त्यांनी खरोखर पाठवलेली एक मेल मागवा. त्यात 'आय हॅव अ डाउट' हमखास सापडेल. आपल्याला नुसती शंका विचारायची असते, लंडनच्या गिऱ्हाइकाला मात्र वाटू शकतं की याचा आपल्यावर विश्वास नाही! तिथे 'क्वेश्चन' लिहायला लावा.

मग दोघांना पाठीला पाठ लावून बसवा आणि माल उशिरा येणार हे फोनवर कळवायला सांगा. मान डोलावून भागत नाही, आपोआप बोलावं लागतं. फिफ्टीन-फिफ्टीचा घोळ इथेच उघडा पडतो; 'वन फाइव्ह' म्हणायची सवय लावा.