पॅसेज मोकळा नाही म्हणता?

«ताई, नमस्कार. वय ४९, दिवसभर खुर्चीत बसून काम. रक्तदाब वाढलाय, डॉक्टर म्हणाले डोकं जरा शांत ठेवा. ध्यानाला बसून पाहिलं, पण पाच मिनिटांत पायाला मुंग्या येतात आणि डोक्यात ऑफिस सुरू होतं. मग चालत ध्यान करतात असं कळलं. गेले दोन महिने व्हिडिओ बघतोय, एक अ‍ॅपही विकत घेतलं. पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो. झेनवाल्यांचं एक, ब्रह्मदेशातल्या भिक्षूंचं दुसरं. वेग किती ठेवायचा? श्वासाबरोबर पावलं मोजायची का? चप्पल घालायची की अनवाणी? बागेत गेलो तर लोक बघतात. घरात लांब पॅसेज आहे, पण संध्याकाळी मी मोकळा होतो नेमका तेव्हाच तिथे बाबांचा वॉकर ठकठकत असतो (खुब्याचं ऑपरेशन झालंय). त्या आवाजात मन कसं लागणार? बायको समजूतदार आहे, म्हणते एखाद्या शिबिराला जाऊन ये. जाऊ का? सुरुवात नेमकी कुठून करू?»

बाबांना तुम्ही कंसात टाकलंत.

अ‍ॅपला जागा मिळाली, चपलेला मिळाली, बागेत बघणाऱ्या लोकांनाही मिळाली. वडिलांच्या वाट्याला तीन शब्द, तेही कंसात, आणि तेही ते तुमच्या ध्यानात अडथळा आणतात म्हणून. शिबिराचं विचारलंत, त्याकडे येते. पण आधी त्या ठकठकीबद्दल बोलू.

वॉकरच्या चारही पायांना रबराच्या टोप्या असतात. त्या धड असतील तर फरशीवर दबका आवाज येतो. मन लागू नये इतकी ठकठक होत असेल, तर बहुतेक एखादी टोपी झिजली आहे किंवा निसटली आहे. झिजलेलं रबर घसरतं, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर घसरून पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. दोन महिने तुम्ही तो आवाज ऐकताय. तो का येतो, हे एकदाही बघावंसं वाटलं नाही? लक्ष द्यायला शिकायचंय म्हणता, म्हणून विचारते. आज रात्री बाबा झोपले की वॉकर उलटा करून चारही टोप्या बघा. टोपी खराब असेल तर उद्या नवी आणा. माझं पत्र त्यानंतर पुढे वाचलंत तरी चालेल.

आता ध्यानाचं.

फिजिओथेरपिस्टनं बाबांना काय शिकवलंय, ते तुम्ही कधी ऐकलंय का? मी तुमच्या घरी आलेले नाही, तरी साधारण सांगू शकते, कारण खुब्याच्या पेशंटला सगळीकडे जवळपास हेच सांगतात. आधी वॉकर पुढे. त्याचे चारही पाय टेकले की ऑपरेशनचा पाय. मग चांगला पाय. टाच आधी टेकवा. नजर पायांत नको, थोडी पुढे. वळताना पाय जागेवर पिळायचा नाही, लहान लहान पावलं टाकत वळायचं. घाई नको.

महासी सयादो (१९०४–१९८२) हे तुम्ही म्हणता त्या ब्रह्मदेशातल्या भिक्षूंपैकी एक. त्यांची पद्धत तुमच्या अ‍ॅपमध्ये कुठे ना कुठे असणारच. त्यात आधी 'डावा, उजवा' एवढीच मनातल्या मनात नोंद करायची. ते जमलं की एकेका पावलाचे तुकडे: उचललं, पुढे नेलं, टेकवलं. वाट संपली की थांबायचं, उभे आहोत हे जाणायचं, सावकाश वळायचं, पुन्हा क्षणभर थांबायचं, की परत डावा, उजवा. शेजारी शेजारी ठेवून बघा. बाबांना मनातल्या नोंदी सांगितलेल्या नाहीत, बाकी फारसा फरक नाही. ज्यासाठी तुम्ही दोन महिने व्हिडिओ बघितलेत, ते रोज संध्याकाळी तुमच्याच पॅसेजमध्ये चालू असतं आणि तुम्ही दार लावून घेता.

बाबा थोर साधक झालेत असं मी म्हणत नाही. त्यांच्या मनात दुखणं असेल आणि पडायची भीती असेल. पण त्यांचं लक्ष पावलावर असतं, कारण सुटलं तर ते पडतील. तुमचं सुटलं तरी तुम्ही चालतच राहता, म्हणून ते सुटलंय हे तुम्हाला कळतही नाही. सुरुवात कुठून करू, असं विचारलंत ना? इथून करा.

उद्या संध्याकाळी, बाबांच्या वेळेला, त्या पॅसेजमध्ये जायचं. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. बाबांच्या ऑपरेशनच्या बाजूला, किंचित मागे उभं राहायचं आणि त्यांच्या वेगानं चालायचं. ह्या वेळात ध्यान करायचं नाही. स्वतःच्या तळव्यांत शिरलात आणि बाबांचा तोल गेला, तर कुठलाही गुरू तुम्हाला माफ करणार नाही. तुमचं सगळं लक्ष त्यांच्यावर: वॉकर टेकला का, पाय कुठे पडला, वळताना कुठे अडखळतात. त्यांना काही शिकवायचं नाही. 'बाबा, श्वासाकडे लक्ष द्या' असलं काही तोंडातून निघालं, तर मला पत्र लिहायचं नाही.

ते दमून खुर्चीत बसले की पॅसेज तुमचा. तिथेच, लगेच, दहा मिनिटं. पंधरा-वीस पावलांची वाट पुरते, कमी असली तरी अडत नाही. हात पुढे किंवा मागे सैल जुळवलेले, नजर तीन-चार पावलं पुढे जमिनीवर. लक्ष तळव्यांत: टाच टेकली, भार पुढे सरकला, बोटं सुटली. डोळे मिटायचे नाहीत. ऑफिस आठवलं की 'विचार' एवढं मनात म्हणायचं आणि पुढच्या पावलावर यायचं. दहा मिनिटांत चाळीसदा यावं लागेल. लागू दे, त्या परत येण्यालाच सराव म्हणतात. मन हमखास निसटतं ते वळताना. एक फेरी संपली, काहीतरी पार पडलं असं वाटतं आणि तेवढ्या फटीतून ते पळतं. म्हणून वळणापाशी थांबणं टाळू नका. आणि बाबांनी खुर्चीतून हाक मारली, तर थांबून ओ द्या. ध्यान मोडत नाही.

तुमचे बाकीचे प्रश्न पटापट उरकते, कारण ते नमनाला घडाभर तेल आहेत.

वेग. जपानी झेन बौद्धांच्या सोतो शाखेत एका श्वासाला अर्धं पाऊल टाकतात, रिंझाई शाखेत हेच चालणं झपाझप असतं. व्हिएतनामी भिक्षू थिक न्हात हान (१९२६–२०२२) श्वास आणि पावलं यांची जोडी घालायला सांगत: आत घेताना दोन-तीन, सोडताना दोन-तीन, छातीला जमेल तशी. म्हणजे वेगावर इतक्या शतकांत एकमत झालेलं नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही. फार संथ चाललात तर पहिले काही दिवस तोल जाईल आणि सगळं नाटकी वाटेल. नेहमीपेक्षा जरा हळू, बस. श्वास मोजून गोंधळ होत असेल तर मोजू नका. सतिपट्ठान सुत्त या सजगतेवरच्या बुद्धाच्या प्रवचनात चालण्याविषयी साधं सांगणं आहे की चालताना 'मी चालतो आहे' हे भिक्षू जाणतो.

चप्पल. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, सोण कोळिविसाची गोष्ट आहे. श्रीमंत घरचा मुलगा, इतका नाजूक की तळव्यांवर लव होती. भिक्षू झाल्यावर शेंडी तुटो की पारंबी, अशा जिद्दीनं चंक्रमण, म्हणजे हेच चालत ध्यान, करत सुटला. पाय फुटले, वाट रक्तानं माखली आणि मन काही स्थिर होईना, तेव्हा घरी परतावं असं त्याच्या मनात आलं. बुद्धानं त्याला विचारलं, तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर वाजायची? फार सैल सोडल्या तर? पुढे त्याला एकाच थराच्या तळाची चप्पल वापरायची परवानगीही दिली. एकट्यासाठी तो ती घेईना, म्हणून सगळ्या संघाला दिली. तेव्हा अनवाणी चालण्यात पुण्य नाही आणि चपलेत पाप नाही. कोरड्या फरशीवर अनवाणी चाललात तर तळवा नीट जाणवतो, म्हणून मी अनवाणी म्हणेन. मधुमेह असेल आणि पायांची संवेदना कमी झाली असेल, तर चप्पल घालाच.

रक्तदाब. अंगुत्तरनिकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात चंक्रमणाचे पाच फायदे दिलेत: लांबचा प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि चालताना साधलेली एकाग्रता बराच काळ टिकते. रक्तदाबाचं नाव त्यात नाही. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती चालू ठेवा.

राहिलं शिबिर. सध्या नको. शिबिरं वाईट असतात म्हणून नव्हे. महासींच्या पद्धतीच्या शिबिरात तासभर बसणं, तासभर चालणं असं आलटून पालटून दिवसभर चालतं, आणि तुम्हाला दहा मिनिटं करायला पॅसेज मोकळा सापडत नाहीये. शिवाय एक विचारते. बाबा चालत असतात तेव्हा त्यांच्या मागे कोण उभं असतं? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की ती समजूतदार व्यक्तीच असेल. तुम्ही शिबिराला गेलात तर तिला तेवढे दिवसही मागेच उभं राहावं लागेल, आणि तरीही 'जाऊन ये' म्हणाली. उद्यापासून ती अर्ध्या तासाची पाळी तुमची. ती वेळ तिला कशात घालवायची ते तिचं तिला ठरवू द्या.

बाबांचा वॉकर सुटून ते काठीवर आले की मला लिहा. तेव्हाही शिबिराला जावंसं वाटलं, तर कुठे जायचं ते मी सांगेन. तोवर झेन की ब्रह्मदेश हा प्रश्न पाठवलात तर उत्तर मिळणार नाही.