बाल्कनीतला अँटेना: लूप की वायर?

प्रश्न: नुकतंच हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स मिळालंय, पण राहतो फ्लॅटमध्ये, गच्चीवर काही लावू देत नाहीत, फक्त छोटी बाल्कनी आहे. २० मीटर बँडसाठी (साधारण २० मीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी) कोणता अँटेना घेऊ?

उत्तर: सर्वात आधी अभिनंदन! २० मीटरवर हाफवेव्ह (अर्ध्या तरंगलांबीची) वायर म्हणजे साधारण १० मीटर लांबी, ती बाल्कनीत सरळ बसणं अवघडच, म्हणून मी तरी मॅग्नेटिक लूपच घ्या म्हणेन. साधारण १ मीटर व्यासाची जाड तांब्याच्या नळीची रिंग आणि वरती एक व्हेरिएबल कपॅसिटर (फिरवून लूप हव्या त्या फ्रिक्वेन्सीला जुळवायचा भाग), बस. फ्लॅटमध्ये खरा वैताग असतो तो एलईडी आणि चार्जरच्या खरखरीचा, आणि इथे लूप फार कामाला येतो, रिंग हळूहळू फिरवत जा, तिची सपाट बाजू खरखरीकडे आली की आवाज एकदम खाली बसतो आणि मघाशी दबलेला मोर्स कोडचा सिग्नल स्पष्ट ऐकू यायला लागतो, अनुभव घेऊन बघाच!

त्रास एकच, बँडविड्थ (एकदा ट्यून केल्यावर चालणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) फार कमी, फ्रिक्वेन्सी जरा हलवली की परत ट्यून करावं लागतं. आणि हे नीट लक्षात ठेवा, १० वॉटवरही कपॅसिटरवर हजारावर व्होल्ट येतात, त्यामुळे ट्रान्समिट करताना हात लावायचा नाही, लूपपासून दोन-तीन मीटर लांब बसा, घरात लहान मुलं असतील तर जास्तच जपा.

खाली झाडापर्यंत बारीक वायर सोडता येत असेल तर मात्र एंड-फेड हाफवेव्ह (एका टोकाला जोडणी असलेली अर्ध्या तरंगलांबीची वायर) लावा, वायर रेडिओशी जुळवणाऱ्या ४९:१ ट्रान्सफॉर्मरसकट, सिग्नल बहुतेक वेळा लूपपेक्षा जोरात जाईल.