टॅब चालतोय म्हणून चालवत राहू नका : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

रिपेअरिंगच्या काउंटरवर बसलं की टॅबबद्दल रोज तेच तेच प्रश्न येतात, आता लेखीसुद्धा तेच यायला लागलेत, म्हणून त्यातले काही इथे एकत्र घेतोय. प्रश्न थोडक्यात दिलेत, नावं गाळलीत. टॅब हातात न घेता कुणी छातीठोक सल्ला दिला तर त्यावर विसंबू नका, शेवटचा निर्णय वस्तू दाखवूनच घ्या.

घरातच वापरायचाय. वाय-फायवाला घेऊ की सिमवाला? (कर्वेनगर)

वाय-फायवाला. बाहेर लागलाच तर फोनचा हॉटस्पॉट आहे. गाडीत नकाशा लावायचा असेल तर मात्र जीपीएस आहे का ते आधी विचारा, आयपॅडच्या नुसत्या वाय-फाय मॉडेलमध्ये ते नसतं.

मुलीच्या अभ्यासासाठी ऑनलाइन एक टॅब बघितलाय, १६ जीबी रॅम लिहिलीये आणि किंमत एकदम कमी. घेऊ का? (धनकवडी)

त्या १६ च्या खाली बारीक अक्षरात बघा, ४+१२ किंवा ८+८ असं काहीतरी असेल. पहिला आकडा खरी रॅम, दुसरा म्हणजे स्टोरेजमधलीच जागा रॅम म्हणून वापरायची सोय, ती खऱ्या रॅमपेक्षा खूप हळू असते. ही सरळ ग्राहकाची दिशाभूल आहे आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण यात फसतात ते पै पै साठवून मुलांसाठी घेणारे आईबाप. कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा टॅब असेल तर सेटिंग्जमध्ये दिसणारे आकडेसुद्धा खोटे असू शकतात. दुकानात जा, शाळेचं किंवा क्लासचं ॲप तिथेच टाकून चालवून बघा, अँड्रॉइडचं कुठलं व्हर्जन आहे आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा, आणि पक्कं बिल घ्या. सिनेमे पण बघणार असाल तर वाइडवाइन एल१ (सिनेमाच्या ॲप्सना टॅबवर एचडी चित्र दाखवू देणारी सोय) आहे का तेही विचारा, एल३ असेल तर चित्र धुरकट दिसतं, मग स्क्रीन कितीही भारी असू दे.

टॅबवर व्हॉट्सॲप घेतलं की फोनवरचं जातं असं शेजारच्या म्हणाल्या. नातू परदेशात आहे, मोठ्या स्क्रीनवर बघायचंय. (सदाशिव पेठ)

आजी, जात नाही. फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून टॅब जोडायचा, दोन्हीकडे चालतं, आयपॅडसाठी पण २०२५ पासून वेगळं ॲप आलंय. फक्त फोनवरचं व्हॉट्सॲप १४ दिवस उघडलंच नाही तर टॅबवरचं बंद पडतं. जोडून द्यायला घरातलं माणूस बसवा, फोन करून कोड मागणाऱ्याला काहीही सांगू नका.

आमची खानावळ आहे, बिलिंगचा टॅब काउंटरवर दिवसरात्र चार्जरला असतो. एका बाजूने स्क्रीन जराशी वर आलीये, पण टच व्यवस्थित चालतो. ओळखीचा मुलगा म्हणाला हवा धरलीये, बारीक भोक पाडून काढून देतो. आता सीझन आहे, दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल का? (सिंहगड रोड)

नाही चालणार. आज दाखवा. हे वाचून होताच चार्जर काढा, टॅब बंद करा, आणि गॅस, कागद, कपडे, लाकडी ड्रॉवर यांच्यापासून लांब मोकळ्या फरशीवर ठेवा. बिलांचा डेटा बिलिंगच्या कंपनीकडे ऑनलाइन असतो का ते त्यांना फोन करून विचारा, त्यासाठी टॅब परत चार्जिंगला लावू नका.

आणि त्या मुलाला टॅबला हात लावू देऊ नका, प्लीज. ती हवा नाहीये. टॅबमधली बॅटरी म्हणजे पातळ ॲल्युमिनियमच्या फॉइलचं सीलबंद पाकीट. बॅटरी कायम १०० टक्क्यांवर राहिली, म्हणजे आतला सेल सतत ४.२ व्होल्ट किंवा त्याच्याही वर ताणलेला राहिला आणि वर भट्टीशेजारची गरमी, की आतलं रसायन विघटित होऊन त्याचा गॅस तयार होतो, पाकिटाला वाट नसते म्हणून ते पुरीसारखं फुगतं. हा गॅस पेट घेणारा असतो. भोक पाडलं की नुसता गॅस बाहेर येत नाही, टोकदार वस्तूने आतले थर एकमेकांना चिकटतात, शॉर्ट होतं, आणि मग जी आग लागते ती टॅबमध्ये थांबत नाही. तुमच्या काउंटरमागे सिलेंडर असेल याचा विचार करा.

माझ्याकडे असे टॅब येतात तेव्हा काच एका कडेने सुटलेली असते, फटीतून आतल्या लाइटची रेघ दिसते, पडद्यावर पांढुरका डाग असतो कारण मागून बॅटरी पॅनेलला दाबत असते, आणि मालकाने काच परत खाली बसावी म्हणून त्याला रबर बँड लावलेला असतो किंवा वर जाड वही ठेवलेली असते. असं अजिबात दाबू नका. आणि प्रत्येक जण सांगतो की चालत होता. चालणारच हो, फुगलेली बॅटरी शेवटपर्यंत करंट देते, म्हणून तर लोकं थांबतात, आधी गणपती होऊ दे, मग दिवाळी, मग मार्च एंड!

दवाखान्याच्या रिसेप्शनवर, सोसायटीच्या गेटवर, दुकानात असे चोवीस तास चार्जिंगवर टांगलेले टॅब पुण्यात जागोजागी आहेत, त्या सगळ्यांना सांगतो. दर पंधरा दिवसांनी टॅब सपाट टेबलावर पाठीवर ठेवून बघा, डुगडुगला किंवा कडेला नख जाईल एवढी फट दिसली की संपलं, वापर बंद. सेटिंग्जमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा, सॅमसंगच्या बऱ्याच टॅबमध्ये आणि नव्या आयपॅडमध्ये ती आहे. नसेल तर सॉकेटला टायमर लावा. ‘बॅटरी पूर्ण शून्यावर आणून मगच चार्ज करायची’ हे जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातलं आहे, आता ते करू नका. ॲपल आयपॅडसाठी ३५ डिग्रीपर्यंतचं तापमान सांगतं आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये नुसत्या सावलीत त्याच्यावर जातं, त्यामुळे तवा, इडली पात्र, पश्चिमेची खिडकी यांच्याजवळ स्टँड नको.

बॅटरी बदलताना आधी कंपनीचं सर्व्हिस सेंटर. मॉडेल जुनं म्हणून त्यांनी नाही म्हटलं तर तपकीर गल्लीत किंवा तुमच्या भागात बिल आणि लेखी वॉरंटी देणारा माणूस शोधा. मूळ बॅटरीवर ५००० एमएएच असेल आणि त्याच मापाच्या बॅटरीवर कुणी ८००० चं स्टिकर दाखवत असेल तर तिथून उठा. काढलेली फुगकी बॅटरी घंटागाडीत ओल्या-सुक्यात टाकायची नाही, सर्व्हिस सेंटरकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची, आणि देताना ‘फुगलेली आहे’ हे तोंडाने सांगायचं.

डीटीपीवाल्याने पुस्तकाची फाइल पाठवली, टॅबवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. टॅब खराब आहे का? (शनिवार पेठ)

टॅब ठीक आहे. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असणार, त्यात मराठी अक्षरं इंग्रजी कळांच्या जागी साठवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर चिन्हंच दिसतात. नुसतं वाचून खुणा करायच्या असतील तर त्यांच्याकडून पीडीएफ मागा. मजकुरात दुरुस्त्या करायच्या असतील तर युनिकोडमध्ये (कुठल्याही फोन-टॅबवर नीट दिसणाऱ्या अक्षरांमध्ये) रूपांतर करून मागा, पण मग रफार, जोडाक्षरं आणि अवतरण चिन्हं डोळ्यांत तेल घालून तपासा, तिथेच घोळ होतात. छपाईला कुठली फाइल जाणार हे डीटीपीवाल्याशी बोलून ठरवा.

वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग बघायला टॅब देतोय, आयपी६८ आहे म्हणजे कूलंट उडाला तरी चालेल ना? (भोसरी)

नाही. आयपी६८ म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही याचं रेटिंग, आणि ती टेस्ट साध्या पाण्याची असते, तेल आणि कूलंटची नाही. जाड कव्हर घाला, मशीनपासून लांब स्टँड लावा. आणि ड्रॉइंग कस्टमरची असतील तर कामगारांच्या स्वतःच्या टॅबवर टाकायच्या आधी त्यांची लेखी परवानगी घ्या, नंतर निस्तरायला महाग पडतं.

मुलगा टॅब किती जवळ धरतो यावरून चष्मा लागेल का सांगता येईल? (वारजे)

हा प्रश्न डोळ्यांच्या डॉक्टरांचा आहे. मुलगा टॅब एकदम जवळ धरत असेल तर याच आठवड्यात दाखवून या.

२०१३ चा आयपॅड एअर पडून आहे, बाबांना बँकेच्या कामाला देऊ का? (बिबवेवाडी)

बँकेला नको. तो आयओएस १२ च्या पुढे जात नाही, बरीच ॲप्स त्यावर उतरतच नाहीत. फोटो बघणं, आधीपासून टाकलेलं तानपुऱ्याचं ॲप असेल तर रियाज, पीडीएफ वाचणं, एवढं होईल. पण इतकी वर्षं पडून होता, तर चार्जर लावायच्या आधी कडा तपासा, आणि शंका आली तर न लावता तसाच घेऊन या.