श्टुटगार्टला येऊ पाहणाऱ्या एका कुटुंबास

तुमचा प्रश्न मी नीट वाचला. पुण्यातील वाहन उद्योगातील नोकरी सोडून जर्मनीत श्टुटगार्टला येण्याचा प्रस्ताव तुमच्यापुढे आहे, ब्लू कार्डचे, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या निवास परवान्याचे, काम मार्गी लागले आहे, पत्नी बँकेत नोकरी करतात आणि मुलगी चार वर्षांची आहे. पगार, कर आणि विमा यांची माहिती तुम्ही स्वतःच जमवली आहे. तुम्हाला जाणून घ्यायचे आहे ते हे, की इथले रोजचे जगणे कसे असते, लोक संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काय करतात, मन रमते का, आणि यायचेच तर कोणत्या महिन्यात यावे. मी याच शहरात आणि याच उद्योगात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पुण्यामुंबईचा माणूस या शहराला नवा नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, टाटा आणि इथली डाइम्लर-बेंझ यांचा ट्रकबांधणीचा करार तर १९५४ सालचा आहे, आणि आज चाकण आणि श्टुटगार्ट यांच्यामध्ये अभियंत्यांची ये-जा अखंड चालू असते. त्यामुळे कार्यालयात तुमचे काम बहुधा इंग्रजीत निभावेल, उपाहारगृहात शाकाहारी पदार्थ मिळेल आणि आपण परदेशात राहतो हे दिवसाचे आठ तास तुमच्या फारसे लक्षातही येणार नाही. तुमच्या पत्नीला मात्र ते पहिल्याच सकाळी, पाव आणायला गेल्यावर, लक्षात येईल. म्हणून तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तुमच्यापेक्षा त्यांच्या दिवसावर अवलंबून आहे, असे मला वाटते.

ब्लू कार्डवर येणाऱ्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यानंतर नोकरी करण्याचीही मुभा असते. ही सवलत वरकरणी चांगली असली तरी तिच्यामुळे अनेक सुशिक्षित, कमावत्या स्त्रिया भाषेविना इथे येतात आणि वर्षभर घरात बसून राहतात. बँकेतील काम म्हणजे ग्राहकांशी बोलणे आणि कागद वाचणे. ते जर्मनशिवाय होत नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. तुमच्या पत्नीने निघण्यापूर्वी निदान ए-२ पातळी, म्हणजे भाषेची दुसरी पायरी, तिथे पूर्ण करावी, आणि इथे आल्यावर फोल्क्सहोखशूले या सार्वजनिक शिक्षण केंद्रातील वर्गात नाव घालावे. परदेशातून आलेल्यांसाठीच्या सर्वसाधारण एकात्मीकरण अभ्यासक्रमात भाषेचे ६०० तास असतात. सीरिया, युक्रेन, ब्राझील अशा ठिकाणांहून आलेली आणि तितकीच गोंधळलेली माणसे त्याच वर्गात भेटतात, आणि पहिल्या मैत्रिणी बहुतेक तिथेच मिळतात. मात्र वर्गातील जर्मन आणि दुकानातील जर्मन यांत फरक आहे, कारण इथली बोली श्वाबी आहे. आम्हाला प्रमाण जर्मन सोडून सारे काही जमते, अशी जाहिरात बाडेन-व्युर्टेम्बर्ग या इथल्या राज्यानेच १९९९ पासून कित्येक वर्षे अभिमानाने केली होती. तेव्हा शेजारीणबाईंचे बोलणे कळले नाही तर त्यात तुमच्या पत्नीची काही चूक नाही.

घराविषयी थोडक्यात सांगते. भाड्याच्या घरात ओटा आणि स्वयंपाकघराचे फर्निचर असेलच असे नाही. पुष्कळदा आधीचा भाडेकरू दिवेसुद्धा काढून नेतो आणि छतातून नुसत्या तारा लोंबत असतात. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीन वेळा खिडक्या पूर्ण उघडून हवा खेळती ठेवावी लागते, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि तिचा हिशेब घरमालक तुमच्याकडे मागतो. फोडणी देणाऱ्या घरांना ही सवय लवकर लागते.

याहून महत्त्वाचा आहे तो इथला आठवडा. या प्रदेशात केरवोखे नावाची पद्धत आहे: ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट, कधी अंगणापुढचा पदपथही त्याने झाडायचा असतो. पुण्यात ज्यांनी कधी सोसायटीचा जिना झाडलेला नाही त्यांना सुरुवातीला हा अपमान वाटतो. माझे मत नेमके उलटे आहे. हातात झाडू घेऊन जिन्यात उभे असताना वरच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थ तुमच्याशी जितके बोलतील तितके एरवी वर्षभरात बोलणार नाहीत. रविवारी दुकाने बंद असतात, भिंतीला ड्रिल लावता येत नाही, काचेच्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकणेही वर्ज्य असते. दुपारी जेवणे उरकली की सारे शहर चालायला बाहेर पडते. श्टुटगार्ट एका खोलगट खोऱ्यात वसले असून भोवतालच्या उतारांवर थेट शहराच्या हद्दीत द्राक्षमळे आहेत आणि त्यांमधून वर चढणारे चारशेहून अधिक दगडी जिने आहेत. पहिल्या काही रविवारी हा दिवस खायला उठतो. पुढे तोच आठवड्यातील सर्वांत चांगला दिवस होतो, पण घरी बसलात तर नाही.

रविवारी रात्री आठच्या बातम्या संपल्या की सव्वाआठला ‘टाटओर्ट’ ही पोलीस-तपासाची मालिका लागते. ती १९७० पासून चालू आहे, दर भागात वेगळ्या शहराचे पोलीस असतात आणि त्यांत श्टुटगार्टचीही एक जोडी आहे. सोमवारी कॉफीच्या यंत्राजवळ तिच्यावर चर्चा होते, आणि भाग किती टुकार होता हे सांगण्यातच निम्मी मजा असते. सार्वजनिक प्रसारणासाठी दर घराकडून महिन्याला १८.३६ युरो घेतले जातात, तुम्ही दूरचित्रवाणी पाहा वा न पाहा. तेव्हा पाहिलेली बरी. ३१ डिसेंबरला तर सारा देश १९६३ मध्ये चित्रित झालेले, ब्रिटनमध्येही फारसे कोणाला ठाऊक नसलेले एक छोटे इंग्रजी प्रहसन पाहतो आणि दरवर्षी त्याच जागी हसतो. फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्या फासनेट या लोकोत्सवात रॉटवाइलसारख्या गावांत लाकडी मुखवटे घातलेली सोंगे रस्त्यावर उड्या मारत जातात. ती पाहताना मला कोकणातील शिमग्याचा संकासुर आठवतो. आणि फुटबॉल आहेच: १८९३ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएफबी श्टुटगार्टने २०२५ मध्ये जर्मन चषक जिंकला, त्या रात्री शहर झोपले नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की इथे येणारे एकटेपण माणसांच्या अभावाने येत नाही. इथल्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव होतो, जुलैमध्ये भारतीय चित्रपट महोत्सव असतो, कढीपत्ता आणि ज्वारीचे पीठ मिळते. एकटेपण येते ते चारचौघांच्या हसण्यात सामील होता न आल्यामुळे. आपल्या भाषेत हजरजबाबी असणारा माणूस जर्मनमध्ये पहिली काही वर्षे मंद आणि कंटाळवाणा ठरतो, आणि आपण तसे ठरत आहोत हे त्याला कळत असते. शाळेत पाठ केलेल्या कविता, नाटकातील वाक्ये, जुन्या जाहिरातींची गाणी, यांतील कशाचाही इथल्या टेबलावर उपयोग नसतो. ही उणीव पुण्याच्या गप्पांनी भरून काढण्याकडे आपला कल होतो आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. संध्याकाळभर भ्रमणध्वनीवर नातेवाइकांचे गट आणि मराठी मालिका चालू राहिल्या, की सिंहगड रस्त्यावर आज कुठे वाहतूक तुंबली हे कळते, पण वरच्या मजल्यावर कोण राहते हे कळत नाही.

घड्याळही या बाबतीत निर्दय आहे. हिवाळ्यात भारत साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो. हिवाळ्यात तुम्ही संध्याकाळी सहाला घरी याल तेव्हा पुण्यात साडेदहा वाजलेले असतील आणि आईवडील झोपेला आलेले असतील. म्हणून शनिवार सकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि बाकीच्या संध्याकाळी इथल्या जगण्याला द्या. या देशात सहा लाखांहून अधिक नोंदणीकृत संस्था आहेत. गाण्याची, टेबल-टेनिसची, बागेची, जी आवडेल तिचे सभासदत्व घ्या.

मुलीची चिंता मी सर्वांत कमी करीन. किंडरगार्टनमध्ये जागा मिळणे कठीण आहे आणि जागा मिळाल्यावरही सुरुवातीचे दिवस, कधी काही आठवडे, आईने किंवा वडिलांनी तिच्याबरोबर बसायचे असते. त्यानंतर ती तुमचे उच्चार सुधारू लागेल. नोव्हेंबरमध्ये सेंट मार्टिनच्या सणाला कागदी कंदील घेऊन ती मिरवणुकीत जाईल आणि तिची दिवाळी आपसूक लांबेल. घरात मराठी बोलणे मात्र कोणत्याही कारणाने सोडू नका.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. आईवडिलांविषयीची वाईट बातमी बहुधा इथल्या पहाटे येते, कारण तिथे तेव्हा सकाळ झालेली असते. श्टुटगार्टहून भारतात थेट विमान नाही. फ्रांकफुर्टला जायचे आणि तिथून मुंबईपर्यंत सुमारे आठ तास. आपल्याकडे अंत्यसंस्कार थांबवून ठेवत नाहीत, त्यामुळे पुष्कळांना दहाव्याला पोहोचण्यावर समाधान मानावे लागते. या विषयावर भावंडांशी आणि खुद्द आईवडिलांशी निघण्यापूर्वीच स्पष्ट बोला: तुमची वाट पाहायची की नाही, आणि आजारपणात कोण काय करणार. बोलणे अवघड जाईल, पण इथे येऊन दूरध्वनीवर ते अधिक अवघड जाते.

राहिला महिना. नोव्हेंबरमध्ये येऊ नका. डिसेंबरात सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि साडेचारला मावळतो. नाताळच्या बाजारामुळे तो महिना तरी निघून जातो, पण २४ तारखेच्या संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जातात आणि रस्ते ओस पडतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीला तर काहीच आधार नसतो. एप्रिलमध्ये या. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, लोक बाहेर बसतात, ओळखी सहज होतात, आणि पत्नीचा भाषावर्ग व मुलीचे किंडरगार्टन यांच्या सप्टेंबरमधील सुरुवातीपूर्वी घर लागलेले असते. किंडरगार्टनसाठी नाव मात्र पत्ता मिळताच नोंदवा. कंपनी १ नोव्हेंबरला रुजू होण्याचा आग्रह धरत असेल तर तारीख बदलून मागा. अशा मागण्या इथे रीतसर लिहून केल्या तर पुष्कळदा मान्य होतात. नाहीच झाली तर तुम्ही आधी एकटे येऊन घर शोधा आणि त्या दोघींना वसंतात बोलवा, तोवर पत्नीची ए-२ परीक्षाही झालेली असेल.